काळाची सुरुवात आणि तिघांची संमती

काळाला सुरुवात होती हे जगाला कळून अकरा दिवस झाले होते, आणि शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात ही बातमी माहीत नसलेला एकच माणूस उरला होता. तो आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, चटईवर पडून होता. त्याला ती कळू नये म्हणून आम्ही सगळं घर राबत होतो.

तो माणूस म्हणजे माझे सासरे, पद्मण्णा अकिवाटे, आमचे आप्पा. वय शहाऐंशी. चौतीस वर्षं हायस्कूलात गणित शिकवलं. गेल्या वर्षी त्यांची मूत्रपिंडं थकली. सांगलीत आता पेशंटच्याच पेशींतून नवीन मूत्रपिंड वाढवून बसवतात. डॉक्टरांनी सांगितलं, पाच वर्षं सहज मिळतील. आप्पांनी विचारलं, "पाच वर्षं कशासाठी?" आप्पांनी घरी येऊन सल्लेखना धरली. शरीराचं काम संपलं असं मनाशी पक्कं झालं की आमच्या जैनांतला एखादा माणूस राग-लोभ सोडत, एकेक आहार सोडत जातो. त्याला सल्लेखना म्हणतात. आप्पांनी आधी धान्य सोडलं, मग दूध, मग ताक. आता पाण्यावर होते. इथपर्यंतचं सगळं मुदतीचं, मनात आलं तर परत फिरता येण्यासारखं. गुरुवारी मुनिमहाराज येऊन शेवटचा नियम देणार होते. त्यानंतर पाणी नाही, आणि परत फिरणंही नाही.

या व्रताला मन शांत लागतं. म्हणून धनपालने, माझ्या नवऱ्याने, घरातले पडदे बंद केले, फोन कपाटात टाकले, आणि तो स्वतः फाटकाशी खुर्ची टाकून बसला. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला तो हळू आवाजात सांगायचा, "आत गेल्यावर विश्वाचा विषय काढायचा नाही."

मला माणसं मोजायची सवय आहे. अकरा दिवसांत दोनशे चौदा माणसं येऊन गेली. त्यांतली नऊ खरी रडली. चाळीसेक जण रडायच्या तयारीने आले होते, पण आप्पांचा निवांत चेहरा बघून त्यांनी ती तयारी तशीच परत नेली. बाकीच्यांनी पाया पडता पडता आमच्या नव्या फरशीचं माप घेतलं. विश्वाबद्दल बोलायचं नाही म्हटल्यावर कुणाला दुसरं काही सुचेना. एरवी ही माणसं वर्षभर उसाच्या तोडीपलीकडे बोलत नाहीत.

सगळ्यांत वाईट अवस्था रायगोंडा खोताची. आप्पांचा जुना विद्यार्थी, गणितात तीनदा नापास, आणि जीव मात्र आप्पांवर. पाय चेपता चेपता म्हणाला, "सर, आता जगात एक लई मोठी..." फाटकाकडून धनपाल खोकला. रायगोंडाने घाम पुसला. "...मोठी केळी आल्यात बाजारात."

आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "रायगोंडा, कॉपी करतानाही तू असाच सापडायचास."

मी आत येऊन हसले. तेव्हा हसता येत होतं.

सोमवारी चंदना आली. माझी नणंद. वय पंचेचाळीस, लग्न केलं नाही, आणि ज्या यंत्राने काळाची सुरुवात शोधली त्यावर काम करणाऱ्या नऊशे जणांपैकी एक. तिचं काम यंत्राच्या नोंदींतला गोंगाट निवडून टाकायचं. ती म्हणायची, "वहिनी, ही गोष्ट खोटी ठरावी म्हणून मी आठ वर्षं पगार घेतला. ठरली नाही."

मी ओट्याशी आप्पांचं पाणी दुहेरी कापडातून गाळत होते. तिला म्हटलं, मला नीट समजाव, पण माझ्या भाषेत.

"प्रकाशाच्या आधाराने मागे बघत गेलं की एका ठिकाणी धुकं लागतं," ती म्हणाली. "विश्व पावणेचार लाख वर्षांचं होईपर्यंत इतकं तापलेलं होतं, की प्रकाश त्यातून सुटतच नव्हता. त्याच्या पलीकडचं कुठल्याही दुर्बिणीला दिसत नाही. पण अवकाश स्वतःच हेलावतं तेव्हा ज्या लहरी उठतात, त्यांना धुकं अडवत नाही. त्या अगदी पहिल्यापासूनच्या अजून येताहेत, फक्त फार अशक्त आहेत. त्या पकडायला सूर्याभोवती सहा यानं सोडली, तीन यानांचा एक असे दोन त्रिकोण. यानांमधलं लाखो किलोमीटरचं अंतर अणूच्या बारीकशा तुकड्याइतकं हललं, तरी आम्हाला कळतं."

"बरं, हललं. मग सुरुवात कुठून निघाली?"

तिने जरा विचार केला. "वहिनी, गूळ चाखून ऊस खारवट रानातला की चांगल्या रानातला, तू सांगतेस ना?"

"कोणीही सांगेल."

"गुळात रान उतरतं. तसं आपल्या विश्वाच्या आधी दुसरं विश्व असतं, ते आकसून हे फुललं असतं, तर त्याची चव या लहरींत उतरली असती. आम्ही तेच शोधत होतो. निम्म्या लोकांना खात्री होती की सापडणार. सापडलं असं, की चवच नाही. एका मर्यादेच्या मागे लहरीच संपतात. ऊस नाही, रान नाही. कढईत एकदम गूळ."

"आणि कढई?"

"कढईही त्या गुळाचीच."

माझ्या हातातलं पाणी थोडं सांडलं. गाळलेलं पाणी आमच्याकडे कोणी सांडत नाही.

बाहेर जगात या बातमीचं काय काय झालं ते मी फोन कपाटात जाण्याआधी पाहिलं होतं. ज्यांच्या देवाने जग निर्माण केलं, त्यांनी घंटा वाजवल्या, पेढे वाटले. दोन वाहिन्यांवर हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच लिहिलेलं आहे असं निघालं, दोन्हीकडे वेगवेगळ्या पानावर. आमची मात्र पंचाईत झाली. कारण आमच्या धर्मात जग कोणी केलेलं नाही. ते होतंच, आहेच, राहणारच. काळ चाकासारखा, कधी चढता, कधी उतरता, पण चाकाला पहिला आरा नसतो. आणि करणारा नाही म्हटल्यावर मागायचं कुणाकडे, हा प्रश्नही उरत नाही. तीर्थंकरांपुढे हात जोडायचे ते त्यांच्यासारखं व्हायला, त्यांच्याकडून काही मिळवायला नव्हे. अर्थात हे पुस्तकातलं. आमच्या गल्लीतल्या बायका बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन पद्मावतीदेवीची ओटी भरतात आणि हळूच मागूनही घेतात. आप्पा मात्र पुस्तकातलं जगले. दर रविवारी बस्तीत वर्ग घेऊन सांगायचे, "करणारा मानला की मागणं सुरू होतं, आणि मागणं सुरू झालं की माणूस लहान होतो."

एवढंच असतं तर मीही धनपालसारखी फाटकाशी बसले असते. पण मला आणखी एक गोष्ट माहीत होती.

बारा वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, कर्करोग निघाला. एका दुपारी सोप्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. आप्पा पेपर वाचत होते. आत्तींनी मान वर न करता विचारलं, "कोल्हापूरच्या अंबाबाईला नवस बोलू का?" आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पाढा सांगावा तसं म्हणाले, "बोल की. पण ऐकायला तिथं कोणी नाही." मी ओट्याशी होते. आत्ती नवस बोलल्या नाहीत. सात महिन्यांनी गेल्या.

मंगळवारी दुपारी बहीणभावाचं माझ्या स्वयंपाकघरात जुंपलं. आवाज चढवायची सोय नव्हती, त्यामुळे दोघं दात आवळून भांडत होते.

"दादा, त्यांना सांगायला हवं."

"सांगून काय मिळवणार आहेस?"

"ते थांबतील. थांबले तर ऑपरेशन करता येईल."

"म्हणजे तुला खरं सांगायचं नाहीये, आप्पांना परत आणायचंय."

"दोन्ही एकदम होत असेल, तर तुझं काय जातं?"

"सहा महिने झाले, त्यांनी एकेक करून मन सोडवत आणलंय," धनपाल म्हणाला. "आणि तू दोन दिवसांत आलेख घेऊन येणार."

"आलेख माझे नाहीत. नऊशे जणांचे आहेत."

"मग उरलेल्या आठशे नव्याण्णवांना बाप नाहीत का? त्यांच्या घरी जाऊन सांगा म्हणावं."

मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्याला कारण होतं. आमच्या महाराजांची रीत अशी, की शेवटचा नियम देण्याआधी माणसाने घरच्यांची क्षमा मागायची आणि प्रत्येकाची संमती घ्यायची. एकजण जरी नको म्हणाला, तरी ते नियम देत नाहीत. घरात आम्ही तिघं. आप्पांनी महाराजांना नावं सांगून ठेवली होती.

"वहिनी, तू बोल," चंदना म्हणाली.

"अगं, तू काही बोलू नकोस," धनपाल म्हणाला.

मी भांडी विसळायला घेतली. खरं तर मला सांगायचं होतं. पण चंदनासारखं नाही. आप्पा जगावेत म्हणून नाही, आणि खरं ते खरं म्हणूनही नाही. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. ज्या सुरात ते आत्तींना 'कोणी नाही' म्हणाले, तो सूर मोडताना मला ऐकायचा होता. बारा वर्षं मी त्यांची पथ्यं सांभाळली, त्यांचे कपडे घडी केले, आणि हे सगळं करताना आत एक ठेव जपून ठेवली होती, हे मला त्या दिवशी ओट्याशी उभं असताना कळलं. दुसऱ्यांची तयारी मोजत बसणाऱ्या बाईला स्वतःची दिसायला इतका वेळ लागला. मग मी ठरवलं, आपण होऊन सांगायचं नाही. अशा मनाने सांगितलेलं खरं, खोट्यापेक्षा वेगळं कुठे असतं?

गुरुवारी सकाळी महाराज चालत आले. लाकडी पाटावर बसले. सोप्यात आम्ही तिघं, आणि दाराशी रायगोंडा, त्याला कोणी घालवू शकलं नाही. आप्पांना भिंतीला टेकवून बसवलं. त्यांनी हात जोडले आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "कळत-नकळत दुखावलं असेल, तर क्षमा करा."

धनपाल म्हणाला, "माझी संमती आहे, आप्पा." म्हणता म्हणता तो रडला. खरं रडणाऱ्या त्या नऊ जणांनंतरचा दहावा.

चंदनाने तोंड उघडलं आणि मिटलं. आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पंधरा दिवस झाले, माझ्याशी बोलताना सगळे अडखळताहेत. रायगोंडाला केळी आठवतात. चंदना तिच्या कामाबद्दल अवाक्षर काढत नाही. काही लपवताय. लपवलेल्या घरातली संमती घेऊन मी काय करू? त्रिशला, तू सांग."

धनपालने माझा पदर ओढला. पण आता आप्पांनी विचारलं होतं.

"चंदनाच्या यंत्रातून निघालंय, आप्पा," मी म्हणाले. "काळाला सुरुवात होती."

मी त्यांचा चेहरा बघत होते. तो मोडला नाही. एखाद्या मुलाने अवघड शंका काढावी तसा उजळला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक असायची शक्यता?" त्यांनी चंदनाला विचारलं.

"पस्तीस लाखांत एक."

"पहिला क्षण सापडला?"

"नाही. कितीही जवळ जाता येतं. पण हा पहिला, असं बोट ठेवता येत नाही."

"म्हणजे शून्याहून मोठ्या संख्यांसारखं," आप्पा म्हणाले. "कुठलीही घ्या, तिच्याहून लहान आहेच. खाली हद्द आहे, पण पहिली कोणी नाही."

धनपालने सुटकेचा श्वास सोडला. "मग झालं की, आप्पा. पहिला क्षण नाही म्हणजे सुरुवात नाही. अनादीच."

"धनपाल, उत्तर आधी ठरवून मागून रीत लिहिणाऱ्याचे मी गुण कापायचो."

महाराज शांतपणे म्हणाले, "सुरुवात निघाली म्हणून कर्ता निघत नाही, पद्मण्णा."

"नाही निघत, महाराज. तिच्या यंत्रातून देव निघालेला नाही. पण देव नाही, असंही निघालेलं नाही." त्यांनी दम घेतला. पाण्यावर असलेल्या माणसाला बोलणंही मोजून करावं लागतं. "मला धर्माची काळजी नाही. तो माझ्याहून म्हातारा आहे, आपलं बघून घेईल. पण मला माहीत नव्हतं. आणि मी तिला माहीत असल्यासारखं सांगितलं."

तिला म्हणजे कुणाला, हे दोन्ही लेकरांना कळलं नाही. मला कळलं. आप्पांनी मान वळवली.

"त्रिशला, तू ओट्याशी होतीस ना?"

"होते."

"मी बोलल्यावर ती काय म्हणाली?"

"काही नाही. शेंगा सोलत राहिल्या. पोतं संपेपर्यंत."

"मला वाटलं, तिला पटलं."

"नव्हतं पटलं, आप्पा. त्यांना भीती वाटत होती. त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं."

हे मी त्यांना लागावं म्हणूनच बोलले. आणि लागलं. त्यांचे हात जोडलेले होते ते सुटून मांडीवर पडले. शहाऐंशी वर्षांचा माणूस सगळ्यांसमोर रडला, आवाज न करता. चंदना त्यांच्याजवळ सरकली. मला जे बघायचं होतं ते दिसलं, आणि ते बघवेना.

बऱ्याच वेळाने ते मलाच म्हणाले, "तिची क्षमा आता मागता येत नाही. तिच्या वतीने तू करशील? आणि संमती दे."

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणणं सोपं होतं. अशा वेळी माणसं हो म्हणतातच. त्या दोनशे चौदा माणसांतली दोनशे तरी म्हणाली असती.

"माझी संमती नाही," मी म्हणाले.

धनपालने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही शांतपणे जावं असं मला वाटत नाही, आप्पा. आत्ती शांतपणे गेल्या नाहीत. मनात हे असताना हो म्हटलं तर ते खोटं होईल. आणि आत्तींच्या वतीने क्षमा करायला मी कोण? त्या मला काही सांगून गेल्या नाहीत."

आप्पा म्हणाले, "बरोबर आहे." एखाद्या उत्तराखाली खूण करावी तसं.

महाराज उठले. "मन शांत नाही. यांचंही नाही, या बाईंचंही नाही. मी नियम देत नाही," एवढं म्हणून ते आले तसे चालत गेले.

"पाणी आण," आप्पा मला म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की अकिवाट्यांच्या सुनेने सासऱ्याचा जीव वाचवला. रायगोंडाने काय ऐकलं आणि काय सांगितलं, देव जाणे. आणि तो जाणत असेल का, हाच तर वाद होता. बायका येऊन माझे हात हातात घेऊ लागल्या. अशी सून मिळायला भाग्य लागतं, म्हणाल्या. मी मोजायचं सोडून दिलं. चंदना जाताना मला मिठी मारून रडली. तिलाही तसंच वाटत होतं, की मी तिची बाजू घेतली. धनपाल माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. काय झालं ते आप्पांना आणि मला, दोघांनाच नीट माहीत होतं.

मुदतीचा नियम संपला तसे ते पेज घेऊ लागले. चंदनाने सांगलीच्या डॉक्टरांची वेळ ठरवली तेव्हा म्हणाले, "आधी त्रिशलाचं मिटू दे. मग काय ते बघू." महाराजांनी निरोप पाठवला होता: मन स्थिर झालं की कळवा, मी येईन.

रोज सकाळी मी पेजेची वाटी घेऊन गेले की ते विचारायचे, "राग अजून आहे?"

"आहे," मी म्हणायची.

"बरं." मग वाटी घ्यायचे. मला समजावायचे नाहीत, स्वतःची बाजूही मांडायचे नाहीत. कधी कधी आत्तींबद्दल विचारायचे, आणि ज्या गोष्टी चाळीस वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत झाल्या त्या मी त्यांना सांगायची. आत्ती पापड लाटताना एकट्याच हसायच्या, ते कशाला? त्यांना विहिरीची भीती वाटायची, हे खरं का? आत्ती गणित शिकल्या असत्या का, असंही एकदा विचारलं. मी म्हटलं, शिकल्या असत्या, तुम्ही शिकवलं असतं तर. ते म्हणाले, "तिने मागितलं नाही." मग स्वतःच गप्प झाले, आणि दिवसभर गप्प राहिले. एकदा, खिडकीतून उसाकडे बघत म्हणाले, "कोणी असलं तर त्याला काय विचारायचं, ते मी ठरवून ठेवलंय. नसलं तर ते तुला विचारावं लागेल." काय, ते सांगितलं नाही. त्यांचे पाय सुजत चालले होते. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनसाठी फार तर महिना हातात आहे.

परवा सकाळी वाटी घेऊन गेले. ते नेहमीसारखे भिंतीला टेकून बसले होते, अंगावर आत्तींची जुनी शाल. आदल्या दिवशी कपाटातून स्वतः शोधून काढली होती, आणि घडी मोडताना कितीतरी वेळ तिचा वास घेत होते.

"अजून आहे?" त्यांनी विचारलं.

मी आत शोधलं. जिथे बारा वर्षं हात घातला की तो राग लागायचा, तिथे शोधलं. काही नव्हतं. नाही म्हटलं, की त्याच दुपारी महाराजांना निरोप जाणार होता.

ते वाट बघत होते. त्यांना खोटं लगेच कळतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

"आहे, आप्पा," मी म्हणाले. "पुष्कळ आहे."